लॉगस्पेसला वारंवारता नको असते, घातांक हवा असतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने दहा किलोओहमचा रेझिस्टर आणि शंभर नॅनोफॅरडचा कपॅसिटर घेऊन एक साधा लो-पास फिल्टर, म्हणजे कमी वारंवारता जाऊ देणारे आणि जास्त वारंवारता दाबणारे सर्किट, बांधला आहे. २० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ या पट्ट्यातला त्याचा प्रतिसाद पायथनमध्ये काढून तो प्रत्यक्ष मोजमापाशी ताडून पाहायचा आहे. त्यासाठी त्याने नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीतले (कोडमध्ये तिला थोडक्यात एनपी म्हणतात) लॉगस्पेस हे फंक्शन वापरून एनपी.लॉगस्पेस(२०, २००००, ५०) असे लिहिले, तेव्हा पहिली संख्या अवाढव्य आली आणि बाकी सगळीकडे ‘इन्फ’ म्हणजे अनंत उमटले. मग त्याने स्वतःच एक लूप लिहिला, ज्यात प्रत्येक संख्येला ठरावीक गुणकाने गुणून पुढची संख्या मिळते. पण पट्टा किंवा गुणक बदलला की कधी शेवटची संख्या मिळते आणि कधी ती गळून जाते. चूक कुठे होते आहे, संख्या किती घ्याव्यात, आणि मालिका शून्यापासून सुरू करता येईल का, असे त्याने विचारले आहे. (फंक्शनांची नावे मी इथे देवनागरीत लिहितो आहे, कोडमध्ये ती त्यांच्या मूळ रोमन रूपातच लिहावीत, हे सांगायला नकोच.)

आधी त्या ‘इन्फ’चा निकाल लावू. लॉगस्पेस या फंक्शनला मालिकेची टोके द्यायची नसतात, टोकांचे घातांक द्यायचे असतात. तुम्ही २० लिहिलेत, त्याचा अर्थ त्याने दहाचा विसावा घात असा घेतला. २०,००० लिहिलेत, त्याचा अर्थ दहाचा वीस हजारावा घात. मधले घातांक समान अंतरावर घ्यायचे असल्यामुळे दुसराच घातांक सुमारे ४२७.७६ येतो, आणि चौसष्ट बिटांच्या दशांश संख्येत मावणारी सर्वांत मोठी संख्या सुमारे १.८ गुणिले दहाचा ३०८ वा घात एवढीच असते. त्यामुळे पहिली संख्या तेवढी तगली आणि उरलेल्या एकोणपन्नास अनंतात गेल्या. फंक्शनने सांगितलेले काम चोख केले होते. त्याला सांगितलेच वेगळे गेले होते.

दुरुस्ती दोन प्रकारे करता येते. पहिली म्हणजे घातांक स्वतः काढून देणे. २ चा लॉग ०.३०१० हे अकरावी-बारावीत लॉगटेबल चाळलेल्यांना अजून पाठ असते. त्यावरून २० चा लॉग १.३०१० आणि २०,००० चा लॉग ४.३०१०, म्हणजे फंक्शनला हे दोन घातांक द्यायचे, अर्थात हाताने गोळाबेरीज न करता एनपी.लॉग१० कडून काढून घेतलेले. दुसरी आणि माझ्या मते अधिक चांगली दुरुस्ती म्हणजे जिओमस्पेस हे फंक्शन वापरणे. ते २०१७ सालच्या १.१३ या आवृत्तीपासून नमपायमध्ये आहे आणि त्याला थेट टोकेच द्यायची असतात: एनपी.जिओमस्पेस(२०, २००००, ५०). त्याचा आणखी एक गुण असा, की आतले गणित काहीही येवो, पहिली आणि शेवटची जागा ते तुम्ही दिलेल्या संख्यांनीच भरते. घातांकावरून परत संख्या काढताना शेवटच्या दशांश स्थळी जी धूळ राहते, ती त्यामुळे निदान टोकांवर तरी राहत नाही.

हा गोंधळ तुमच्या एकट्याचा नाही, आणि त्याचे कारण नावाच्या वंशावळीत आहे. मॅटलॅब या अभियंत्यांच्या गणिती सॉफ्टवेअरमध्ये लॉगस्पेसला घातांकच द्यायचे असतात, आणि नमपायनेही तीच रीत ठेवली. मॅटलॅबमध्ये तर याहून गमतीची गोष्ट आहे: दुसऱ्या टोकाला पाय ही संख्या दिली, तर ती तेवढी घातांक न मानता प्रत्यक्ष टोक मानली जाते, कारण डिजिटल फिल्टरच्या कामात वारंवारतेची वरची मर्यादा पाय हीच असते. सोयीसाठी केलेले असे अपवाद पुढे कोणाच्या तरी माथी बसतात. ज्युलिया भाषेने लॉगस्पेस १.० आवृत्तीच्या वेळी काढूनच टाकले आणि पुढे १.११ मध्ये लॉगरेंज आणले, ज्याला प्रत्यक्ष टोके द्यायची असतात. आर भाषेत असे वेगळे फंक्शनच मुळात नाही. तिथे टोकांचे लॉग घेऊन त्यांच्यामध्ये समान अंतरावर संख्या घ्यायच्या आणि मग एक्सप, म्हणजे लॉगच्या उलटे फंक्शन, लावायचे. मला ती पद्धत शिकवण्याच्या दृष्टीने सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण आत काय घडते ते तिच्यात उघड दिसते. जाता जाता एक: लॉगचा पाया दहा घ्यावा, दोन घ्यावा की नैसर्गिक घ्यावा, असे पुष्कळ जण विचारतात. टोके आणि संख्यांची मोजदाद पक्की असेल तर पाया कोणताही घेतला तरी मालिका तीच येते. पायाने फरक पडतो तो फक्त लॉगस्पेसला घातांक देताना.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, कारण फंक्शनचे नाव बदलून तुमचे काम भागेल, पण संख्या किती घ्याव्यात या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळणार नाही. तुम्हाला जी मालिका हवी आहे, तिच्यात शेजारच्या दोन संख्यांमधला फरक समान नसतो, गुणोत्तर समान असते. शाळेतल्या भाषेत सांगायचे तर अंकगणिती श्रेढी नव्हे, भूमिती श्रेढी. हे का हवे, ते तुमच्याच फिल्टरवर पाहा. दहा किलोओहम आणि शंभर नॅनोफॅरड यांची कटऑफ वारंवारता, म्हणजे जिथून फिल्टर दाबायला लागतो ती, १५९.१५ हर्ट्झ येते. २० ते २०,००० या पट्ट्यात लिनस्पेसने समान अंतराच्या पन्नास संख्या घेतल्या, तर प्रत्येक अंतर सुमारे ४०८ हर्ट्झचे पडते. म्हणजे पहिली संख्या २०, दुसरी सुमारे ४२८, तिसरी सुमारे ८३६. फिल्टरमध्ये पाहण्यासारखे जे काही आहे ते सगळे पहिल्या आणि दुसऱ्या संख्येच्या मधल्या मोकळ्या जागेत घडून जाते: २० हर्ट्झला प्रतिसाद जवळजवळ सपाट, म्हणजे −०.०७ डेसिबल, आणि त्यानंतरच्याच नोंदीत तो −९.१५ डेसिबलवर. पन्नासांपैकी सत्तेचाळीस संख्या १,००० हर्ट्झच्या वर, जिथे आलेख एक सरळ उतरण आहे आणि ती काढायला दोन ठिपके पुरतात. हेच जिओमस्पेसने घेतले तर प्रत्येक संख्या आधीच्या संख्येच्या १.१५१ पट येते, १,००० हर्ट्झच्या खाली अठ्ठावीस संख्या मिळतात, आणि कटऑफच्या दोन्ही बाजूंना १४३.९ आणि १६५.७ असे दोन ठिपके उभे राहतात.

ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांना हे आणखी जवळून दाखवता येईल. पांढरी एकचा मधला सूर २६१.६३ हर्ट्झ आणि त्याच्या वरच्या सप्तकातला तोच सूर ५२३.२५ हर्ट्झ धरला, तर समान बारा भागांत लावलेल्या पेटीच्या पट्ट्या म्हणजे एनपी.जिओमस्पेस(२६१.६३, ५२३.२५, १३) एवढीच ओळ आहे. दुसरी संख्या २७७.१८, म्हणजे काळी एक. हाच पट्टा लिनस्पेसने बारा समान फरकांत कापला तर दुसरी संख्या २८३.४३ येते, जी कानाला सरळसरळ चढलेली लागेल. एका पट्टीपासून पुढच्या पट्टीपर्यंतच्या अंतराच्या एकतृतीयांशाहून ती वर गेलेली असते. कान फरक ऐकत नाही, गुणोत्तर ऐकतो, आणि तुमचा फिल्टरही तसाच वागतो. या उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे: पट्ट्यांमधली अंतरे बारा, पण संख्या तेरा, कारण वरचा सा आपण धरला आहे. तो पुढच्या सप्तकाचा पहिला सूर म्हणून पुन्हा येणार असेल, तर एंडपॉइंट हा पर्याय फॉल्स करून बाराच संख्या मागायच्या, म्हणजे सप्तके एकापुढे एक जोडताना तोच सूर दोनदा येत नाही. खांब किती आणि खांबांमधल्या जागा किती, यातली चूक या विषयात मी जेवढ्या वेळा पाहिली आहे, तेवढी दुसरी कोणतीही पाहिलेली नाही.

म्हणून संख्या किती, हे थेट ठरवू नये. दर दहापटीमागे किती, हे ठरवावे. दहापटीच्या एका टप्प्याला आम्ही डिकेड म्हणतो. २० ते २०,००० म्हणजे नेमके तीन डिकेड. दर डिकेडला दहा ठिपके घेतले तर अंतरे तीस आणि संख्या एकतीस, आणि प्रत्येक पायरी १.२५८९ पटीची. ध्वनीच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना एकतीस हा आकडा ओळखीचा वाटेल, कारण एकतीस पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर याच मापाने बांधलेला असतो. एका सप्तकाचे तीन भाग केले तर पायरी १.२५९९ पटीची येते, आणि हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की व्यवहारात ते एकच मानले जातात. इक्वलायझरवर मात्र २०, २५, ३१.५, ४०, ५०, ६३, ८०, १०० असे वाचायला सोपे आकडे छापलेले असतात. दहाच्या घातांवरून नेमके गणित केले तर ते १९.९५, २५.१२, ३१.६२, ३९.८१, ५०.१२, ६३.१०, ७९.४३ आणि १०० असे येतात. छापलेला आकडा हे नाव असते आणि गणितातला आकडा ही जागा असते, एवढे लक्षात ठेवले म्हणजे दोन्ही तक्ते जुळत नाहीत म्हणून डोके धरून बसावे लागत नाही. रेझिस्टरच्या डब्यातही हेच आहे. १०, १२, १५, १८, २२ असे जे बारा आकडे आपण सवयीने म्हणतो, ते दहाच्या बाराव्या मुळाच्या पायऱ्या आहेत. पण त्यांतले २७, ३३, ३९ आणि ४७ हे नियमाने गोळाबेरीज केली असती तर २६, ३२, ३८ आणि ४६ आले असते. रूढ झालेले आकडे कोडने काढायला जाऊ नये. ते तक्त्यातूनच घ्यावेत.

दर डिकेडमागच्या ठिपक्यांवरून एकूण संख्या काढण्याचे सूत्र सोपे आहे: दोन टोकांच्या गुणोत्तराचा दहाच्या पायाचा लॉग घ्या, त्याला दर डिकेडच्या ठिपक्यांनी गुणा, गोळाबेरीज करा (म्हणजे जवळच्या पूर्णांकाला न्या) आणि एक मिळवा. यातला ‘गोळाबेरीज करा’ हा शब्द कृपा करून गाळू नका. पायथनमध्ये मॅथ.लॉग(१०००, १०) असे विचारले तर उत्तर ३ येत नाही, २.९९९९९९९९९९९९९९९६ येते. त्याला दहाने गुणून इंट लावले की दशांश भाग कापला जातो आणि तीसऐवजी एकोणतीस हाती येतात. मॅथ.लॉग१०(१०००) असे विचारले तर ३.० येते. म्हणून दहाचा लॉग हवा असेल तर त्याच्यासाठी असलेले खास फंक्शन वापरावे, आणि तरीही इंटच्या आधी राउंड लावावे.

आता तुमच्या लूपविषयी. तुम्ही गुणक काढला, २० पासून सुरुवात केली, आणि संख्या २०,००० पेक्षा मोठी होत नाही तोवर गुणत राहिलात. ही रचना मी स्वतः पहिली काही वर्षे वापरली आहे, आणि तिने मला एकदा चांगलाच धडा दिला. एका ग्राहकासाठी अ‍ॅम्प्लिफायरच्या चाचणीचा अहवाल तयार केला होता, त्यात एकतीस ओळी हव्या होत्या आणि तीसच छापल्या गेल्या. २०,००० हर्ट्झची ओळ नव्हती. चाचणीचे यंत्र चोख चालले होते, कोडमध्ये कुठेही त्रुटीचा इशारा नव्हता. तिथल्या तंत्रज्ञाने कागदावर बोट ठेवून ‘साहेब, वीस हजार कुठे गेले?’ असे विचारले, तोवर मला पत्ताच नव्हता. झाले होते एवढेच, की तीस वेळा गुणल्यानंतर आलेली शेवटची संख्या २०,००० पेक्षा तेराव्या-चौदाव्या अंकात कुठेतरी मोठी भरली होती, आणि ‘लहान किंवा समान’ या अटीने तिला दाराबाहेर ठेवले होते.

याचे कारण दोन थरांत आहे. गुणक हा स्वतःच साठवताना किंचित छाटला जातो, आणि तो छाटलेला गुणक तुम्ही पुन्हा पुन्हा लावता, त्यामुळे ती चूक दर पायरीला एकाच दिशेने साचत जाते. त्याशिवाय प्रत्येक गुणाकारात गोळाबेरजेची स्वतंत्र धूळ पडते, ती कधी वर कधी खाली. चौसष्ट बिटांत पन्नास पायऱ्यांनंतरही एकूण चूक नगण्यच असते. ती आलेखात दिसणार नाही, पण तुलनेच्या अटीला तेवढीही पुरते. बत्तीस बिटांत मात्र गोष्ट वेगळी होते. आठ बिटांच्या जुन्या आर्डुइनो उनोवर, म्हणजे त्या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर, डबल असे लिहिले तरी ती संख्या चार बाइटांचीच असते, हे अनेकांना ठाऊक नसते. समजा, तुम्ही २० ते २०,००० असा एका सेकंदाचा स्वीप, म्हणजे वारंवारता सतत चढत जाणारा सिग्नल, ४८,००० पायऱ्यांत लूपने गुणत गुणत तयार केला. तिथे प्रत्येक पायरीचा गुणक १.०००१४३९ एवढा एकाला चिकटलेला असतो, आणि बत्तीस बिटांत तो साठवताना जास्तीत जास्त सहा अब्जांशाच्या दहापट, म्हणजे ०.०००००००६ इतकी छाट पडू शकते. दिसायला ती क्षुल्लक आहे. पण ४८,००० वेळा साचल्यावर शेवटच्या वारंवारतेत जवळजवळ ०.३ टक्के, म्हणजे २०,००० हर्ट्झला ५७ हर्ट्झपर्यंत चूक होऊ शकते. फिल्टर तपासताना ती खपून जाईल, काटेकोर मोजमापात खपणार नाही.

उपाय असा, की आधीच्या संख्येवरून पुढची काढू नये. प्रत्येक संख्या तिच्या क्रमांकावरून स्वतंत्रपणे काढावी. पहिले टोक अ, शेवटचे ब, आणि एकूण संख्या न असतील, तर शून्यापासून मोजलेल्या क क्रमांकाची संख्या म्हणजे अ गुणिले, ब भागिले अ या गुणोत्तराचा, क भागिले (न वजा एक) एवढा घात. लूप ठेवायचाच असेल तर तो क्रमांकावर चालवावा, किमतीवर नव्हे; म्हणजे फेऱ्या किती होणार हे पूर्णांकाने ठरते आणि दशांश संख्येच्या मर्जीवर राहत नाही. शेवटच्या जागी हवे ते टोक हाताने भरून टाकावे. त्यात लबाडी काही नाही, जिओमस्पेसही तेच करते. अरेंज, म्हणजे ठरावीक पायरीने संख्या देणारे फंक्शन, वापरून घातांक तयार करण्याची वाट मात्र टाळावी. एनपी.अरेंज(१, १.३, ०.१) असे लिहिले तर नियमाप्रमाणे १.३ वगळले जायला हवे, पण प्रत्यक्षात ते मालिकेत येते, कारण १.३ मधून १ वजा केल्यावर नेमके ०.३ उरत नाही. पायरी दशांशात असेल तर लिनस्पेसला संख्या सांगावी, अरेंजला पायरी सांगू नये.

इथवरचे आवरून पुढे जातो: टोके प्रत्यक्ष द्यायची असतील तर जिओमस्पेस, घातांक द्यायचे असतील तर लॉगस्पेस, संख्या दर डिकेडवरून, आणि लूप क्रमांकावर. आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते.

दर डिकेडला दहा ठिपके तुमच्या फिल्टरला भरपूर होतात, कारण त्याचा आलेख मऊ वळणाचा आहे. पण उद्या तुम्ही विजेच्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीसाठी अरुंद नॉच फिल्टर, म्हणजे एकच वारंवारता गाळणारा फिल्टर, केलात आणि त्याचा क्यू (मध्य वारंवारता भागिले खाचेची रुंदी) तीस असला, तर त्याच्या खाचेची रुंदी फक्त १.६७ हर्ट्झ असते. दहा ठिपक्यांच्या मालिकेत ५० च्या आसपासचे ठिपके ३९.८, ५०.१ आणि ६३.१ असे पडतात. म्हणजे खाचेच्या आत एकच ठिपका येईल, तोही तळाला नव्हे, आणि मालिका जरा सरकली तर एकही येणार नाही. आलेख सपाट दिसेल आणि फिल्टर चालतच नाही असे वाटेल. तीन डिकेडना एक हजार संख्या घेतल्या तर ५० हर्ट्झला पायरी सुमारे ०.३५ हर्ट्झची होते आणि खाचेत चारपाच ठिपके मावतात. संगणकावर हजार संख्या म्हणजे काहीच नाही. पण हाताने सिग्नल जनरेटर फिरवून मोजायचे असेल तर कोणी हजार नोंदी घेणार नाही. तिथे मी एकतीस ठिपक्यांची मालिका घेतो, खाचेच्या भोवती ४५ ते ५५ असा समान फरकाचा दाट पट्टा वेगळा बनवतो, आणि दोन्ही जोडून एनपी.युनिक लावतो, म्हणजे क्रम लागतो आणि नेमक्या सारख्या नोंदी गळतात. समान गुणोत्तराचा आग्रह सगळीकडे धरण्यात काही पुण्य नाही.

एफएफटीशी, म्हणजे सिग्नलमधल्या वारंवारता वेगळ्या काढणाऱ्या गणिती पद्धतीशी, गाठ पडणार असेल तर आणखी एक सावधगिरी घ्यावी लागते. एफएफटीच्या वारंवारता समान फरकाच्याच असतात. सेकंदाला ४८,००० नमुने आणि ४,०९६ ठिपक्यांचा एफएफटी असेल तर त्या ११.७२ हर्ट्झच्या अंतराने येतात. आपल्या पन्नास संख्यांच्या मालिकेतल्या पहिल्या तीन, म्हणजे २०, २३.०३ आणि २६.५, या तिघींना सर्वांत जवळची नोंद २३.४४ हीच मिळते, आणि आलेखाच्या डाव्या टोकाला एक खोटी सपाट पायरी दिसते. उजव्या टोकाला उलटे होते: दोन ठिपक्यांच्या मधल्या दोनशेहून अधिक नोंदींकडे कोणी पाहतच नाही. म्हणून तिथे जवळची नोंद उचलायची नसते. या मालिकेतल्या संख्या पट्ट्यांच्या सीमा म्हणून वापरायच्या आणि पट्ट्यातल्या नोंदींची सरासरी घ्यायची. सीमा म्हणून वापरल्या की पन्नास पट्ट्यांना एक्कावन्न संख्या लागतात, पुन्हा तेच खांब आणि जागा. आणि पट्ट्याचा मध्य गुणाकाराच्या वर्गमुळाने काढायचा: १०० आणि १,००० यांचा मध्य इथे ५५० नसतो, ३१६.२ असतो.

मालिका शून्यापासून सुरू करता येईल का, याचे उत्तर एका शब्दात ‘नाही’ असेच आहे. कोणत्याही संख्येला कितीही वेळा भागले तरी शून्य येत नाही, आणि जिओमस्पेसला एखादे टोक शून्य दिले तर ते तिथेच त्रुटी दाखवून थांबते. ०.००००००००१ सारखी चिमुकली संख्या टाकून वेळ मारून नेण्याचा मोह होतो, पण तसे केले तर निम्म्याहून अधिक ठिपके अशा वारंवारतांवर खर्च होतात जिथे पाहण्यासारखे काहीच नाही. शून्य हर्ट्झचा प्रतिसाद हवा असेल तर तो वेगळा काढून तक्त्यात लिहावा. तुमच्या फिल्टरसाठी तो १ आहे, आणि लॉग अक्षावर त्याला जागा नाहीच. सेमीलॉग कागदाच्या डाव्या कडेला शून्य का छापलेले नसते, त्याचेही हेच कारण. वेळेच्या बाबतीत मात्र शून्याची खरी गरज पडते. तुमच्याच सर्किटचा वेळ-स्थिरांक नेमका एक मिलिसेकंद आहे; कपॅसिटर भरतानाचा आलेख काढायचा तर सुरुवात शून्यापासूनच हवी. तिथे एक छोटी संख्या स ठरवून, स पासून शेवटची वेळ अधिक स इथपर्यंत जिओमस्पेस घ्यायचे आणि सगळ्या मालिकेतून स वजा करायचा. सुरुवातीला संख्या जवळजवळ समान फरकाने चालतात आणि पुढे समान गुणोत्तराकडे वळतात. वळण कुठे यावे ते स ठरवतो. मी इथे ०.१ मिलिसेकंद घेतला असता.

पूर्णांकांची मालिका हवी असेल, म्हणजे नमुन्यांची संख्या किंवा एखाद्या प्रोग्रामचा वेग तपासण्यासाठी लागणारी आकारमाने, तर दोन खड्डे आहेत. जिओमस्पेसला १ ते २५६ यांतल्या नऊ संख्या पूर्णांक रूपात मागितल्या तर १, २, ४, ७, १६, ३२, ६३, १२७, २५६ असे उत्तर मिळते. नमपायच्या माहितीपुस्तिकेतच हे उदाहरण दिले आहे. ७.९९९ चे ७ झाले, कारण पूर्णांकात बदलताना दशांश कापले जातात. आधी राउंड, मग इंट, हा उपाय. दुसरा खड्डा पुनरावृत्तीचा. १ ते १,००० मध्ये पन्नास संख्या घेऊन गोळाबेरीज केली तर मालिका १, १, १, २, २, २, २, ३, ३ अशी सुरू होते, आणि युनिक लावल्यावर पन्नासांच्या बेचाळीसच उरतात. पन्नासच हव्या असतील तर एकेक पुढे जावे: उरलेल्या जागा आणि उरलेला पट्टा यांवरून दर वेळी गुणोत्तर नव्याने काढावे, आणि येणारी संख्या आधीच्या संख्येपेक्षा किमान एकाने मोठी नसेल तर सरळ एक मिळवून पुढे सरकावे. एवढी यातायात टाळायची असेल तर १, २, ५, १०, २०, ५०, १००, २००, ५०० ही मालिका उत्तम. खिशातल्या नाण्यानोटांनी ती आपल्याला पाठ करूनच दिली आहे, आणि ऑसिलोस्कोपच्या बटणावरही तीच असते.

तुमच्या प्रयोगापुरते मी असे करीन. गणिताच्या आलेखासाठी एनपी.जिओमस्पेस(२०, २००००, ३०१) घ्यावे आणि तो सेमिलॉगएक्सने, म्हणजे आडवा अक्ष लॉगचा ठेवणाऱ्या फंक्शनने, काढावा. साध्या अक्षावर काढला तर सगळे ठिपके डाव्या कडेला गर्दी करतील आणि मालिकाच चुकली असे वाटेल. मोजमापासाठी इक्वलायझरवरचे ते एकतीस सोपे आकडे घ्यावेत, जनरेटरवर तेच लावावेत, आणि नोंदवहीत जनरेटरने प्रत्यक्ष दाखवलेली वारंवारता लिहावी, कोडमधली नव्हे. मग मोजलेल्या नोंदी त्याच आलेखावर सुट्या ठिपक्यांनी दाखवाव्यात. पहिली तपासणी १६० हर्ट्झला करा: तिथे गणिताने −३.०३ डेसिबल यायला हवेत. मोजमापात −२.६ ते −३.५ च्या दरम्यान काही आले तर अ‍ॅरेला दोष देऊ नका. कपॅसिटर दहा टक्के इकडेतिकडे असला की रेझिस्टर अगदी नेमका असूनही एवढा फरक पडतोच, आणि मल्टीमीटरवर कपॅसिटर मोजून ती किंमत कोडमध्ये घातली की वक्र ठिपक्यांवर येऊन बसेल.